तिसऱ्या खोक्यातला कागद

१

भीकमचंद शेठ चौदाव्या सुईला गेले. आधीच्या तेरा सुयांनी त्यांना काहीही झालं नव्हतं.

शहाद्याच्या बाजारपेठेत खाली त्यांचं कापडाचं दुकान आणि वर घर. दीड वर्षापूर्वी झटका आला. हातपाय सावरले, डोकं सावरलं नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला ते 'बहेनजी' म्हणत आणि साड्या उलगडून दाखवत. बायको बिचारी एखादी पसंतही करी. शेवटी डॉक्टरांनी मेंदूसाठीच्या पेप्टाइडची वीस इंजेक्शनं लिहून दिली. रोज एक, सलाइनमध्ये मिसळून, अर्ध्या तासात थेंब थेंब. चौदाव्या दिवशी सकाळी नऊला बाटली लागली. नऊ वाजून पाच मिनिटांनी अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. डॉक्टर जिना चढेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता मी कोण ते सांगतो. मी हेमकांत पाटील. गाव तापीकाठचं, घरची केळी, शिक्षण फार्मसीचं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं एक खोलीचं केंद्र नंदुरबारला आहे, त्यात मी एकटा बसतो. माझं हत्यार म्हणजे चार पानी फॉर्म. एखाद्या औषधानं कुणाचं काही बिघडलं, तर तो भरून वर पाठवायचा. तीन वर्षांत एकच फॉर्म आला होता. तोही मीच भरलेला, खोकल्याच्या औषधानं मला कामावर झोप येते म्हणून. वरून पोच आली, 'माहिती उपयुक्त आहे.'

त्यामुळे शहाद्याच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. मग लाज वाटली. मग मी बस पकडली. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांमागे ती बस दीड तास इतकी हळू चालली की मला लाज वाटायला भरपूर वेळ मिळाला.

वर गेलो. शेठजींच्या पलंगावर गादी नव्हती. जमिनीवर भिंतीला टेकून नोजीबाई बसल्या होत्या, शेठजींची बायको. घरातले त्यांना बाईजी म्हणत, म्हणून मीही म्हणालो. तीन दिवसांत त्यांच्या पोटात उकळलेल्या पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

त्यांनी माझा फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं. फॉर्म जास्त भरवशाचा वाटला असावा, कारण बोलल्या त्या फॉर्मकडे बघत.

"सुईनं गेले का, एवढंच सांग बेटा. तोवर मी तोंडात काही घालणार नाही."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी ते दुःखाचं बोलणं समजलो असतो. पण या जैन घरातल्या बायका आठ-आठ दिवसांचे उपास सहज करतात, हे मला ठाऊक होतं. त्या खरोखर घालणार नव्हत्या.

२

मुलगा अभिनंदन याच्याकडे उत्तर तयार होतं. त्याच्या मते इंजेक्शन देणारी सीमा चोर होती. म्हसावदची ही बाई डॉक्टरांकडे नर्स होती आणि रोज सकाळी घरी येऊन सलाइन लावायची. तिनं महागाची औषधं विकली आणि बापाच्या अंगात काहीतरी भलतंच घातलं, असं तो म्हणत होता. पोलिसात तक्रार उद्या सकाळी जाणार होती. अर्ज लिहूनही झाला होता. माझ्या फॉर्मपेक्षा सुटसुटीत होता.

मी विचारलं, इंजेक्शनांनी फरक पडला होता का. त्यावर अभिनंदनचा चेहराच बदलला. दहाव्या दिवशी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा आला, तेव्हा पापाजींनी तो उचलून उलटा केला आणि हिरवा ठिपका शोधला. ही त्यांची वीस वर्षांची सवय. शाकाहारी असल्याचा ठिपका दिसल्याशिवाय आणि बारीक अक्षरातली यादी भिंगानं वाचल्याशिवाय घरात काही येत नसे. कापडाची वीण तपासायचं भिंग ते, त्याखाली बिस्किटं जायची. झटका आल्यापासून ही सवय गेली होती. त्या दिवशी ती परत आली आणि सगळं घर पुड्याभोवती उभं राहून रडलं.

"एका पुड्यासाठी रडलो साहेब," अभिनंदन म्हणाला. "लोकांना सांगताही येत नाही."

त्याची बायको चांदनी कमी बोलायची आणि जास्त पाहायची. तपासाला अशी माणसं लागतात. सासऱ्यांचं सगळं तीच करत होती. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. अकराव्या दिवसापासून सलाइन लागलं की खोलीत वास यायचा, ताकदीच्या गोळ्यांची बाटली उघडल्यावर येतो तसा. त्याच दिवसापासून लघवीचं भांडं हळद कालवल्यासारखं पिवळंजर्द व्हायला लागलं. आणि त्याच दिवशी पापाजींचं डोकं पुन्हा घसरलं.

घसरलं म्हणजे काय, मी विचारलं.

जैन घरांत संवत्सरीला, भाद्रपदाच्या सुमारास, लहानथोर एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. वर्षभरात जे दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात, आणि समोरचाही तेच म्हणून उत्तर देतो. अकराव्या दिवशी संध्याकाळी, ऐन माघात, शेठजींनी बायकोसमोर हात जोडले आणि म्हणाले, मिच्छामि दुक्कडम्. बाईजींना हसू आलं. अहो, संवत्सरीला अजून सात महिने आहेत, त्या म्हणाल्या. शेठजीही हसले.

तेराव्या दिवशी दुपारी मात्र कुणी हसलं नाही. शेठजी खाली दुकानात आपल्या जुन्या गादीवर बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. बाईजी चहा घेऊन गेल्या, तर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "या बहेनजी. ब्लाउजपीस दाखवू?"

बाईजी म्हणाल्या, दाखवा.

मी सगळं लिहून घेतलं. लघवीच्या रकान्यात मात्र मी थांबलो. पेप्टाइडनं लघवी पिवळी होत नाही. ती कशानं होते हे परीक्षेच्या काळात ताकदीच्या गोळ्या खाल्लेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं बघितलेलं असतं.

३

इंजेक्शनच्या फुटक्या काचा सीमा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जमवायची आणि भरली की दवाखान्यात न्यायची. ती बाटली अजून पलंगाखाली होती. मी वर्तमानपत्र अंथरलं आणि काचा ओतल्या. या औषधाच्या काचेच्या कुप्या तपकिरी असतात, मान मोडली की बूड शाबूत राहतं. मी बुडं मोजली.

दहा.

पुन्हा मोजली. मग चांदनीनं मोजली, कारण तिला माझ्या मोजण्यावर भरवसा दिसेना. दहा.

सलाइन चौदा लागली होती. कपाटात चार खोकी होती, प्रत्येकात पाच कुप्या. पहिली दोन रिकामी. चौथं बंद. तिसऱ्यात एक उरलेली. म्हणजे चार कुप्या खोक्यातून बाहेर आल्या, पण फुटल्या नाहीत. अकरावी, बारावी, तेरावी आणि चौदावी.

"विकल्या," अभिनंदन म्हणाला. शांतपणे, हिशोब जुळल्यासारखा.

मलाही क्षणभर तेच वाटलं. मग मी तिसरं खोकं उलटं करून झटकलं. प्रत्येक खोक्यात माहितीचा एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर बारीक इंग्रजीत औषध कशाचं आहे, मिरगीवाल्याला किंवा मूत्रपिंड फार बिघडलेल्याला देऊ नका, भरभर ढकललं तर अंग तापेल, घाम येईल, चक्कर येईल, असं सगळं असतं. जगात हा कागद वाचणारे आम्ही मोजून थोडेच. चोरत तर कुणीच नाही.

तिसऱ्या खोक्यात कागद नव्हता. दुसऱ्यात नव्हता. पहिल्यातही नव्हता.

"ते माझ्याकडे आहेत," बाईजी भिंतीजवळून म्हणाल्या.

४

त्यांनी मुलाला आणि सुनेला बाहेर जायला सांगितलं. मग उठून, भिंतीला धरून, आपल्या पोथीतून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. औषध लिहून देताना डॉक्टरांनी त्यांना एकट्यांना बाजूला घेतलं होतं. म्हणाले, तुमचं घर जैन आहे म्हणून सांगतो, हे डुकराच्या मेंदूपासून बनवतात. फायदा होईलच असं नाही. काहींना थोडा होतो, अभ्यासांमध्ये एकमत नाही. विचार करून सांगा.

बाईजींनी विचार केला नाही. हो म्हणाल्या. मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. कांदा-लसूण सोडाच, बटाटाही ज्या घरात कधी आला नाही, त्या घरात रोज सकाळी नऊला काय येतंय हे त्या एकट्यांना माहीत होतं. नवं खोकं उघडलं की त्यातला कागद आधी काढून घ्यायच्या, न जाणो शेठजींची वाचायची सवय परत आली तर. आणि पाप शेठजींना नाही, आपल्याला लागावं म्हणून पहिल्या दिवसापासून एकवेळ जेवत होत्या.

"मला त्यांनी ओळखायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी केलं. धर्म बाजूला ठेवला आणि बाटलीजवळ बसून रंग बघत राहिले. पिवळं पाणी उतरलं की वाटायचं, आज थोडे परत येतील. आता सांग, त्यानंच गेले ना?"

माझ्या पेशात अशा वेळी म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे: संबंध शक्य आहे, पण निश्चित सांगता येत नाही. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि एक साधी गोष्ट विचारली. कागद दोनच कसे?

तिसरं खोकं त्यांनी उघडलंच नव्हतं. अकराव्या दिवशी सकाळी त्या प्रवचनाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सलाइन लागलेलं होतं, पाणी पिवळं होतं, कागद नव्हता. सीमानं टाकला असेल असं समजून त्या गप्प बसल्या.

सीमानं टाकला नव्हता, याची मला आता बरीचशी खात्री होती. कारण त्या सकाळी खोलीत आणखी एक माणूस होता, आणि आदल्याच दिवशी त्याची एक सवय परत आली होती.

५

सीमा दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसली होती. तीन दिवसांत तिनं कुणालाही उत्तर दिलं नव्हतं. मी शेजारी बसलो आणि तिला काही विचारायच्या ऐवजी मीच सांगत गेलो.

अकराव्या दिवशी तू तिसरं खोकं उघडलंस. शेठजी जागे होते. त्यांनी ते मागितलं आणि उलटं करून हिरवा ठिपका शोधला. औषधाच्या खोक्यावर तो नसतो. मग आतला कागद घेतला आणि भिंग मागितलं. गिरण्यांची इंग्रजी लेबलं वाचण्यात जन्म गेलेला माणूस तो. त्यांनी वाचलं.

सीमा रडत नव्हती. ती पायरीवरचा पोपडा नखानं काढत होती.

"एक बी नई ईकी, भाऊ," ती म्हणाली. "रोज एक त्यास्ना हातमा देऊ. त्या बंडीना खिसामा ठेवेत."

मग तिनं सगळं सांगितलं. कागद वाचून झाल्यावर शेठजींनी त्याची घडी घातली. मग तिला म्हणाले, हे माझ्या अंगात आता घालायचं नाही. तिनं समजावलं, औषध थांबलं तर पुन्हा विसराल शेठजी. ते म्हणाले, विसरेन. मग तिचा हात धरून जे म्हणाले ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हने, पन तिले सांगू नको. ती रोज बाटलीना रंग देखस. रंग ऱ्हाऊ दे."

रंग राहू दे म्हणून सीमानं चार दिवस सलाइनमध्ये आपल्या पिशवीतल्या बुचाच्या बाटलीतून व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातलं. तोच पिवळा रंग. तोच तो वास, आणि तीच हळदीसारखी लघवी. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण शेठजींना शब्द दिला होता. शिवाय व्हिटॅमिननं काय होतं, रस्त्यानं जाणारा माणूसही मागून घेतो.

ते खरं आहे. तरी ते शिरेतून गेलं तर लाखात एखाद्याच्या अंगावर असं उठतं, घसा मिटतो, आणि पाच मिनिटं मिळतात. कुणाच्या ते आधी कळत नाही. शेठजींना ते तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी सोसलं नाही. पेप्टाइडनंही कुणाला अॅलर्जी होऊ शकते. पण शेठजींच्या अंगात चार दिवस ते गेलंच नव्हतं.

"म्हंजे मन्हाच हातनं," सीमा म्हणाली.

मला नाही म्हणायचं होतं. मी माणूस हसवायला बरा आहे, आई म्हणते. त्या पायरीवर ते कामाचं नव्हतं. मी म्हणालो, हो ताई. तुझ्या हातानं, आणि त्यांच्या सांगण्यानं.

ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली, स्वतःच्या पायांनी. दार तिनं आतून लावून घेतलं.

आता कुप्या राहिल्या होत्या. त्या मिळाल्या नसत्या तर अभिनंदनच्या अर्जाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदावी, शेवटच्या सकाळची, घरी काढून ठेवलेल्या बंडीच्या खिशातच चांदनीला मिळाली. पण आधीच्या तीन दिवसांत खिशात ठेवलेली वस्तू दुपारी कुठं जात होती? शेठजी दुपारी एकाच ठिकाणी जात होते.

६

बटणांचा डबा पत्र्याचा, बिस्किटांचा, चाळीस वर्षं जुना. अभिनंदननं तो गादीवरून उचलून माझ्यासमोर ठेवला. झाकण निघेना, मग निघालं.

वर शर्टांची पांढरी बटणं होती. त्याखाली तीन तपकिरी कुप्या, माना शाबूत. कुणी पाय ठेवून फोडू नये आणि कुणाला सापडू नयेत, अशा बेतानं बटणांत पुरलेल्या. शेजारी घडी घातलेला कागद. त्यात एका ओळीखाली कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं रेघ मारली होती. औषध कशाचं आहे ती ओळ.

अभिनंदननं बंडीतली चौथी कुपी डब्यात ठेवली आणि सगळ्या मोजल्या. मग अर्ज खिशातून काढला आणि चार घड्या घालून पुन्हा खिशात ठेवला.  

"एवढं समजत होतं पापाजींना?" तो म्हणाला.

एवढं समजत होतं. आम्ही औषध दिलं डोकं परत यावं म्हणून. डोकं परत आलं आणि पहिलं काम त्यानं काय केलं, तर औषध नको म्हणालं. अशी गोष्ट मी पाहुण्यांत सांगितली असती तर लोक हसले असते.

डब्याच्या तळाशी आणखी एक घडी होती. ब्लाउजपीस, राणी रंगाचा. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. गिऱ्हाइकासाठी माल बाजूला काढून ठेवला की या दुकानात त्यावर नाव आणि तारीख लावतात. तारीख मरणाच्या आदल्या दिवसाची होती. नाव मी वाचलं आणि डबा उचलून जिना चढलो.

७

बाईजींना सांगायचं का, हा प्रश्न मला जिन्याच्या सहाव्या पायरीवर पडला. सांगितलं, तर त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरणार होतं. त्यांनी हो म्हटलेल्या सुईनं शेठजी गेले नव्हते. पण त्याच वाक्यात दुसरं होतं. त्यांनी धर्म सोडला होता नवऱ्यानं ओळखावं म्हणून, आणि नवऱ्यानं धर्म धरला होता, आपण बायकोला विसरू हे माहीत असून.

त्यात आणखी एक तिसरं होतं, जे फक्त मला माहीत होतं. त्या औषधानं शेठजी परत आले की अशा आजारात येतात तसे चार बरे दिवस आपोआप आले, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित बाईजींचं पाप आणि शेठजींचा त्याग, दोन्हींची गरज नव्हती. हे मी सांगितलं नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाकी सगळं सांगितलं. सीमाचं नाव घेऊन, व्हिटॅमिनचं नाव घेऊन. बाईजी ऐकत राहिल्या. त्यांनी चारही कुप्यांना एकदा बोट लावलं.

"अकराव्या दिवशी कळलं त्यांना?"

"हो. सकाळी."

"आणि संध्याकाळी त्यांनी हात जोडले."

"हो."

 खाली एक उसाची गाडी गेली, खिडकीची काच हलली.

"मी हसले," बाईजी म्हणाल्या. "ते पुढचं सगळं आधीच मागून घेत होते. आणि मी महिने मोजून दाखवले."

मग मी ब्लाउजपीस त्यांच्या हातात दिला. त्यांना वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचा चुकून वर आला. चिठ्ठी त्यांनी डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ. शेठजींच्या पेन्सिलीतलं, थरथरतं, फक्त एक नाव होतं. नोजी.

पन्नास वर्षांत शेठजींनी त्यांना चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती, ही पद्धतच नव्हती. त्या दुपारी दुकानात सगळ्यांसमोर बहेनजी म्हणाले, आणि त्यांची पाठ वळल्यावर हे लिहिलं.

"मी रंग सांगितलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "नुसतं दाखवा म्हणाले होते. फेऱ्यांच्या वेळी माझा ब्लाउज हा असा होता." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "म्हणजे ओळखलं होतं?"

शास्त्र म्हणून विचाराल तर मला माहीत नाही. असं होतं, की माणूस चेहरा विसरतो आणि रंग लक्षात ठेवतो. असंही होतं, की एका क्षणी विसरलेला असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो.

"ओळखलं होतं, बाईजी," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, आज सूर्य कधी मावळतो. मी फोनमध्ये बघून सांगितलं, साडेसहाला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी चांदनीला हाक मारून मुगाचं पाणी आणायला सांगितलं. वाटी आली. वाटीला हात लावण्याआधी त्यांनी समोरच्या बटणांच्या डब्याकडे बघून हात जोडले आणि जे उत्तर सात महिन्यांनी द्यायचं म्हणून राहून गेलं होतं ते दिलं. अगदी हळू दिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, तरी ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये मी फॉर्म पुरा केला. संशयित औषध म्हणून आधी लिहिलेलं पेप्टाइड खोडलं, व्हिटॅमिनचं इंजेक्शन लिहिलं. परिणाम: मृत्यू. औषध कुणाच्या सल्ल्यानं दिलं: रुग्णाच्या. असं उत्तर चालतं का ते मला माहीत नाही. शेवटी एक रिकामी चौकट असते, आणखी काही नोंदवायचं असल्यास. तिच्यात मी लिहिलं, 'ओळखलं होतं.'

वर बसलेल्यांना त्यातलं काही कळणार नाही. बॅच नंबर मात्र मी दोनदा तपासून घातला आहे.